मागचा लाल दिवा

केळघर सोडलं तेव्हा काचेतून रस्ता दिसत होता.
पहिल्या वळणाला धुकं खाली उतरलं,
दुसऱ्या वळणाला बॉनेटही गेलं.
मागं अठ्ठावीस ट्रे, आठशे चाळीस अंडी,
वर ताडपत्री, ताडपत्रीवर जुलै.

वायपर सांगितल्यासारखं काम करतात,
पुसतात, आणि पुसलेलं परत भरतं.
सकाळीच काचेवर तंबाखू चोळलीय
बाबालालचाचांनी शिकवली तशी,
ओल्या फडक्यात बांधून, वरून खाली.
एवढीच तंबाखू माझ्या वाट्याला आली.

चाचा म्हणायचे, अंडी भरून गाडी शिक.
माणसं भरलीस तर ती ओरडतात,
त्या ओरडण्याची सवय होते.
अंडी बोलत नाहीत.
थेट पोचल्यावर हिशेब देतात.

लांबचा दिवा लावला तर समोर पांढरी भिंत,
आपल्याच उजेडानं आपण आंधळे.
म्हणून दिवा खाली, नजर खाली,
डावीकडच्या पांढऱ्या पट्ट्यावर;
पट्टा वाहून गेलाय तिथं गवतावर,
गवतही नाही तिथं
थांबावं.
पण थांबावं कुठं?
मागून येणाऱ्याला मी तरी कुठं दिसतेय?

तेवढ्यात दोन लाल ठिपके.
मेढ्याची एसटी, शेवटची, मुऱ्याला मुक्कामाची.
मी तिच्या मागं लागले, चाचांच्या मापानं:
पुढच्याचा दिवा दिसावा,
नंबर वाचता येऊ नये.

ती वळली की मी वळायची.
ती दबकली की मी आधीच दुसऱ्या गिअरात.
रस्त्यावरून लाल पाणी आडवं पळत होतं,
तिथं ब्रेक मारायचा नसतो,
ब्रेकला हळूच विचारायचं असतं.
त्या ड्रायव्हरचं तोंड मी पाहिलेलं नाही.
त्याची झोप झालीय का, चष्म्याचा नंबर वाढलाय का,
काही माहीत नाही.
अर्धा घाट त्याच्या डोळ्यांनी चढले.

मुऱ्याच्या फाट्याला एसटीनं डावा दिवा दाखवला
आणि सावकाश निघून गेली,
अंधारात चपला शोधत कुणी घरात शिरावं तशी.
पुढं काही नाही.
आरशात पाहिलं तर सहा, नाही, सात गाड्या
एकीमागं एक, माझ्याइतक्याच शहाण्या,
माझ्या लाल दिव्यावर डोळे लावून.

उजवा बल्ब सोमवारी बदलायचा होता.
आज गुरुवार.

आधी लाज वाटली, भीती नंतर.

काच चार बोटं खाली केली.
पाणी आत आलं, पण आवाजही आला:
डावीकडं दगडावर पडणारा पाऊस,
उजवीकडं कशावरच न पडणारा.
तेवढ्यावरून दरी ओळखली.
वळणाआधी हॉर्न, एकदाच, लांब.
चारही दिवे लुकलुकवले नाहीत,
चालत्या गाडीनं थांबल्याचं सोंग करू नये.
काटा विसाच्या वर नेला नाही.
मागं कुणी हॉर्न वाजवेना.
त्याला विश्वास म्हणतात की नाइलाज, कोण जाणे.

एका ठिकाणी दरडीची माती, दोन दगड.
पेडल तीनदा हलकं दाबलं, मग थांबले.
पंगतीला एकेक जण बसत जावा
तसे मागचे दिवे थांबत गेले.
मग वळसा घालून सगळे निघालो.

नाक्याच्या पिवळ्या उजेडात रांग फुटली.
ज्याला जिकडं जायचं तो तिकडं.
एक जीप माझ्याजवळ जरा रेंगाळली,
काच काही खाली झाली नाही.

हॉटेलच्या मागच्या दाराला तुळशीदास शेलार
कांबळं डोक्यावर घेऊन उभा.
पाऊण तास उशीर, म्हणाला.
ट्रे उतरवले, बॅटरी धरून पाहिले, तीन फुटली होती.
त्यानं वहीत लिहिलं, आठशे सदतीस.
मी विचारलं,
इथं मागच्या दिव्याचा बल्ब कुठं मिळंल?